शेर, वाटी आणि हळदीचे डाग

ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे आणि स्वयंपाकाला ६४१.५. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होते. ८९१.४६ चं कपाट दर्शनी, काचेचं. अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले की त्याच्यासमोर थांबायचे. ६४१.५ खालच्या कप्प्यात, शिवणकाम आणि बालसंगोपन यांच्या शेजारी. तिथली पुस्तकं काढायला वाकावं लागायचं.

वर्षअखेरीला निर्लेखनाची यादी करायला बसलं की मात्र या दोन कपाटांमधला फरक वेगळ्याच तऱ्हेने दिसायचा. काचेच्या कपाटातली पुस्तकं वाळवीने जायची, नाहीतर नुसत्या वयाने. खालच्या कप्प्यातली वापराने जायची. कणा उसवलेला, कोपरे गोल झालेले, पुरणपोळीच्या पानावर तुपाचा डाग पडून मागची अनारशांची कृती आरपार दिसणारी. हळदीच्या बोटांचे ठसे तर इतके, की कोणतं पान सगळ्यात जास्त उघडलं गेलं ते अनुक्रमणिका न बघता सांगता यावं. नोंदवहीत ‘कारण’ या रकान्यात आम्ही दोन्हींपुढे ‘जीर्ण’ एवढंच लिहायचो. मला ते कधी पटलं नाही.

वाचलेलं जगण्यात उतरलं पाहिजे, हे आमच्या ग्रंथालय सप्ताहात दरवर्षी एक तरी वक्ता सांगून जायचा. शाल, श्रीफळ, टाळ्या. पण मराठी घरात वाचलेलं खरोखर उतरलं कसं, कोणत्या वाटेने, किती उशिरा आणि कोणाच्या घरात उतरलंच नाही, हे बघायचं असेल तर माझ्या मते कादंबऱ्यांपेक्षा पाकपुस्तकांचा इतिहास जास्त कामाचा. तिथे थापा मारता येत नाहीत. कविता कळली असं म्हणून वेळ मारून नेता येते. चकली तेलात विरघळली की विरघळली.

अन्नावरचं लेखन आपल्याकडे जुनं आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचं सविस्तर वर्णन आहे. मांडे, पुऱ्या, वडे हे सगळे तिथे भेटतात. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिलं, तेही संस्कृतातच. तंजावरला दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या दरम्यान, ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत तयार झालं. राजवाड्यात ब्राह्मणी स्वयंपाक वेगळा, मांसाहारी वेगळा आणि इंग्रजी पद्धतीचा वेगळा; तिन्हींची दखल त्यात घेतलेली. ते हस्तलिखित तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपलं. ग्रंथपाल म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. पण या ग्रंथांचा चुलीशी संबंध उलटा होता. आधी स्वयंपाक झाला, मग त्याची नोंद झाली. वाचून कोणी रांधावं ही अपेक्षाच नव्हती. मुदपाकखान्यातला आचारी आपल्या बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकायचा, आणि त्याला पोथी वाचता येत असायची गरज नव्हती.

छपाई आली तेव्हा पुस्तक घरापर्यंत पोचलं, पण आत शिरायला त्याला वेळ लागला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापखाना घातला आणि पंचांग छापलं. शाईत जनावराची चरबी असते म्हणून सनातनी मंडळी छापील कागदाला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली. मला हा माणूस फार आवडतो. लोकांना प्रबोधनाचं व्याख्यान देण्याऐवजी त्याने शाईची कृती बदलली! तुपाच्या शाईचं पुस्तक देवघरापर्यंत गेलं. स्वयंपाकघराचा उंबरठा अजून राहिला होता.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये निघालं. मराठीतलं पहिलं छापील पाकपुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. लेखक पुरुष. आता विचार करा, १८७५ मध्ये कोणत्या घरची बाई पुस्तक उघडून चुलीपुढे बसणार होती? फुल्यांची शाळा १८४८ ची, हे खरं. पण मुलींच्या हुजूरपागेला अजून नऊ वर्षं अवकाश होता. रमाबाईंचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं ते १८७३ मध्ये. त्या अकरा वर्षांच्या होत्या. नवऱ्याने शिकवायला घेतलं आणि घरातल्याच बायकांनी त्यांना टोमणे मारून नको केलं, हे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. एका न्यायाधीशाच्या घरात ही तऱ्हा, तर बाकीच्यांचं काय सांगावं! मला वाटतं, ‘सूपशास्त्र’ पहिल्यांदा वाचलं ते ओसरीवर बसलेल्या पुरुषांनी, आणि त्यांनी ते आत ऐकवलं.

आत ऐकवणं म्हणजे काय, हे मी स्वतः केलेलं आहे, तेही १९६० च्या दशकात. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. बाहेरून आलेलं, दहा हातांनी हाताळलेलं पुस्तक तिला चालत नसे. त्यातली अक्षरं तिला लागत. पुस्तक नको असे. मग मला उंबऱ्याच्या अलीकडे उभं करायची. फ्रॉक दाराच्या चौकटीला लागू द्यायचा नाही अशी ताकीद. मी मोठ्याने वाचायचे, “पाव शेर रवा घ्यावा.” आजी आतून विचारायची, “कुठला शेर?” मी पुन्हा तेच वाचायचे. ती म्हणायची, “अगं, पण कुठला? लिहिणारा कुठला आहे ते बघ.” मी मुखपृष्ठ बघून सांगायचे, मुंबई. मग ती स्वतःशी काहीतरी हिशोब करायची आणि डब्यातून ओंजळीने रवा काढायची. पुढचं सगळं माझ्या वाचनाला न जुमानता चालायचं. मी “मंद आचेवर” म्हणेपर्यंत तिचा रवा भाजून झालेला असे.

आजीचा प्रश्न अगदी खरा होता. शेर नावाचं एकच माप महाराष्ट्रात कधी नव्हतं. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, आजच्या हिशोबाने ९३३ ग्रॅम. मुंबईचा जुना शेर त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय वजनाचा शेर वेगळा आणि धान्य मोजायचा मापाचा शेर वेगळा. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हे कोष्टक आमच्या आधीच्या पिढीला तोंडपाठ होतं. पण पायली म्हणजे नक्की किती, हे ज्या त्या बाजारपेठेवर अवलंबून. एका गावचं मापटं दुसऱ्या गावी नेलं तर भांडण ठरलेलं. अशा मुलखात मुंबईत छापलेलं पुस्तक सांगलीकडच्या चुलीवर लागू पडावं कसं? पुस्तकातलं ‘पाव शेर’ हे अचूक दिसतं, आणि वाचणारीच्या हातात मात्र त्याला काही आकार नाही. म्हणून आजीसारख्या बायका पुस्तकातून पदार्थाची कल्पना घ्यायच्या, प्रमाण आपलं वापरायच्या. त्यांच्या पिढीने पुस्तक वाचलं नाही असं कोणी म्हणू नये. त्यांनी ते ऐकलं, तपासलं आणि त्यातलं बरंचसं नाकारलं.

१९१० हे साल या गोष्टीत फार मजेदार आहे. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ त्या वर्षी प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं. स्वयंपाक करणाऱ्या हातांनीच लिहिलेलं, मासे आणि मटण यांना न लाजणारं पुस्तक. आणि त्याच वर्षी औंध संस्थानात, कुंडल रोड या आडबाजूच्या स्टेशनाशेजारच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना उभारला. तिसऱ्या घटनेचा स्वयंपाकाशी काय संबंध, असं कोणी विचारेल. त्या नांगरांच्या कारखान्यातून जाहिरातीच्या निमित्ताने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं आणि १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ काढलं. आमच्या भागात लोखंडी नांगर आणि बायकांचं मासिक एकाच पत्त्यावरून यायचं.

‘स्त्री’ने काय केलं हे सांगायला वेगळा लेख लागेल. इथे एवढंच, की दर महिन्याला घरात येणारं, आपल्या नावावर असलेलं, आपल्याला उद्देशून लिहिलेलं काहीतरी बाईच्या हातात पडलं. एव्हाना धोंडो केशव कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ मध्ये सुरू होऊन गृहजीवनशास्त्र हा अभ्यासाचा विषय झाला होता. मासिकातला लेख वाचून त्यावर पत्र लिहिणारी, कात्रण काढून डब्यात ठेवणारी वाचक तयार झाली. सोवळंही हळूहळू सैल होत गेलं. शहरातल्या दोन खोल्यांत उंबराच राहिला नाही तर पुस्तक थांबवणार कुठे?

मग मापं बदलली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर, छटाक, तोळा बाजारातून गेले. सोनाराकडे तेवढा तोळा उरला. वाण्याच्या दुकानात किलो बोलायची सवय पाच-सात वर्षांत झाली, पण स्वयंपाकघरातलं डोकं शेरातच चालायचं. आधीची सगळी पाकपुस्तकं एका झटक्यात जुनी झाली. आमच्या वाचनालयातल्या एका जुन्या पाकपुस्तकात कोणीतरी शाईने प्रत्येक ‘शेर’ खोडून वर ग्रॅम लिहिले होते, पहिल्या वीस-पंचवीस पानांपर्यंत. पुढे कंटाळा आला असावा.

या अवघडल्या काळात, १९७० मध्ये, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं. कमलाबाई कुंडलच्या, त्याच स्टेशनाला नाव देणाऱ्या गावच्या. शिक्षण चौथीपर्यंत. पुस्तक किर्लोस्करांकडून निघालं आणि लाखाच्या वर खपलं. मराठीत लाखाचा आकडा म्हणजे काय, हे ज्यांनी पाचशेची आवृत्ती दहा वर्षं गोदामात पडलेली पाहिली आहे त्यांना विचारा. लोक कमलाबाईंना लाखो सुनांची सासू म्हणू लागले.

या यशाची कारणं सांगताना सोपी भाषा, घरगुती पदार्थ वगैरे बोललं जातं. ते आहेच. पण मला खरी करामत दिसते ती मापात. कमलाबाईंनी वजनकाटा स्वयंपाकघराबाहेर ठेवला आणि वाटी-चमचा हातात घेतला. वाटी हे काही प्रमाणित माप नाही. माझी वाटी तुमच्या वाटीपेक्षा मोठी असेल. पण एक वाटी हरभऱ्याच्या डाळीला एक वाटी गूळ म्हटलं, की वाटी कोणतीही असो, पुरण बिघडत नाही. चकलीच्या भाजणीला तांदूळ चार, हरभराडाळ दोन, उडीदडाळ एक, हे पाठ झालं की घरात चौघं असोत की चाळीस, नुसतं गुणत जायचं. आजीचा “कुठला शेर?” हा प्रश्न इथे उरतच नाही. वजन सांगणारं पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावाला बांधलेलं होतं. प्रमाण सांगणारं पुस्तक वाचणारीच्या घरातल्या भांड्यात बसलं.

अर्थात वाटीलाही मर्यादा होत्या. पीठ शिगोशीग भरायचं की सपाट, यावर आमच्या घरी आई आणि काकू यांचं अनेक दिवाळ्या चाललेलं भांडण मी ऐकलेलं आहे. लोणच्यात मीठ वाटीने घालणं म्हणजे जुगारच. फोडी काटेकोर मोजलेल्या आणि मीठ खडे की बारीक हे न बघता घातलेलं, की बरणीला बुरशी आलीच. पण रोजच्या स्वयंपाकाला हे पुरलं. आईने स्टीलच्या सेटमधली एक वाटी बाजूला काढून ठेवली होती, वडिलांचं नाव कोरलेली, काठाला किंचित चेमटलेली. तिच्यात आमटी कोणी घ्यायची नाही. ती मापाची वाटी. माझं लग्न ठरलं तेव्हा त्याच सेटमधली दुसरी वाटी मला मिळाली. ‘रुचिरा’ची प्रतही मिळाली, पण आईची नाही, नवी. आईने आपली दिली नाही. का ते मला पुढे कळलं.

ज्या सुनांना या पुस्तकाने सासू दिली, त्या कोण होत्या हेही बघायला हवं. गिरगावातून डोंबिवली-मुलुंडला गेलेल्या, कोल्हापूर-सांगलीहून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमागे गेलेल्या, नवऱ्याबरोबर राहणाऱ्या, सकाळची आठ-बाराची लोकल पकडणाऱ्या मुली. विचारायला सासू घरात नव्हती, आई दोनशे किलोमीटरवर, आणि ट्रंक कॉल लावून कोणी अळूवडीचं सारण विचारत नाही. पुढे हेच पुस्तक अमेरिकेला जाणाऱ्या मुलींच्या बॅगेत कुकरच्या आत बसून गेलं. सासू दुरावली म्हणून पुस्तक जवळ आलं. त्यात रडण्यासारखं काही नाही. उलट या सासूला उलटून बोलता येत होतं. आवडलं नाही तर पान मिटता येत होतं.

पण १९७२ चा दुष्काळ मला आठवतो. रेशनवर मिलो आला, लाल रंगाची परदेशी ज्वारी. तिची भाकरी थापता यायची नाही, तव्यावर टाकताना तुटायची. कोणत्याही पुस्तकात याला उत्तर नव्हतं. उत्तर काढलं ते पाणवठ्यावरच्या बायकांनी. पीठ उकळत्या पाण्यात उकडून घ्यायचं, दुसरं पीठ असेल तर त्यात मिसळायचं. तोंडोतोंडी दोन-चार दिवसांत ते गावभर झालं. लिहिलं कोणीच नाही.

लिहिलं न जाणाऱ्या स्वयंपाकाबद्दल बोलायचं तर इथे थांबून बोललं पाहिजे, कारण आमच्या ६४१.५ च्या कप्प्यात एक मोठी पोकळी होती आणि ती मला फार वर्षं नीट दिसली नाही, कारण माझ्या घरचं सगळं त्यात होतं. मंगला बर्व्यांची ‘अन्नपूर्णा’ होती, दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’ होतं. ब्राह्मणी, सारस्वत, सीकेपी, पाठारे प्रभू, यांच्या चुली त्यात दिसायच्या. धनगरवाड्यावर काय शिजतं, ऊसतोडीच्या कोपीत काय शिजतं, गावकुसाबाहेर काय शिजतं, याची एक ओळ नाही. हे सगळे लोक आमचे वर्गणीदार होते. साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका बाईंनी एकदा तो सगळा कप्पा चाळून बघितला आणि सरळ म्हणाल्या, “बाई, तुमची पुस्तकं छान आहेत. आमच्यातलं ह्यात काय नाही.” त्या रागावल्या नव्हत्या. रिकाम्या हाताने गेल्या.

वाचलेलं जगण्याशी जोडायचं म्हणतात ते अशा वेळी अडतं. एखादीच्या घरी पुस्तक जातच नाही, तेव्हा आपण तिच्या वाचनाच्या सवयीला दोष देतो. पुस्तकात तिचं घर आहे का, हे आधी बघायला हवं.

२०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती त्यात आहे. तेल-तूप-दूध जिथे विकत घ्यायची ऐपतच नव्हती, तिथला स्वयंपाक. चान्या म्हणजे उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या पट्ट्या, रक्ती, रानातल्या भाज्या. कृती आहेतच, पण कोणता पदार्थ का तयार झाला, कोणाच्या वाट्याला जनावराचा कोणता भाग यायचा, कोणी काय खाल्लं म्हणून कोणाला कसं वागवलं, हेही आहे. खरेदी समितीत एका सदस्याने हे पुस्तक समाजशास्त्रात टाका, असं सुचवलं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. मी मात्र दाखल क्रमांक घालून कण्यावर ६४१.५ ची चिठ्ठी चिकटवली. स्वयंपाकाचं पुस्तक ‘रुचिरा’शेजारी राहील, एवढंच मी समितीला सांगितलं.

आता आईच्या प्रतीबद्दल. ती गेल्यावर कपाट आवरताना ‘रुचिरा’ माझ्या हाती आलं. खाकी कव्हर, वर माझ्या धाकट्या भावाच्या अक्षरात ‘सौ. आई’ असं नाव घातलेलं. आत समासात पेन्सिलीने नोंदी. गूळ पाऊणच पुरे. एके ठिकाणी फुली, आणि पुढे ‘दोनदा फसलं’. बटाटेवड्यांच्या पानावर ‘बारसं, ४० माणसं, ५ पट, थोडे उरले’. साबुदाण्याच्या पानात ‘कालनिर्णय’च्या मागच्या पानावरचं कात्रण. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेली ती दिनदर्शिका आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असायची. पुढच्या बाजूला तारखांच्या चौकटींत दुधाचा हिशोब आणि गॅसची टाकी लावल्याची खूण, मागे पाककृती. आईच्या पुस्तकातला तिखटाचा आकडा तीन ठिकाणी खोडून कमी केलेला होता, वडिलांना अल्सर झाल्यानंतरच्या काळात. कमलाबाईंची पानं आणि आईच्या नोंदी यांची बेरीज केली तर घरची तीसेक वर्षं हाती लागावीत. हे तिने मला लग्नात देऊन टाकलं नाही, ते बरं झालं. तिला ते लागत होतं.

वाचनालयाच्या पुस्तकात मात्र लिहायला बंदी. आत शिक्काच असतो: पुस्तकावर कोणत्याही प्रकारच्या खुणा करू नयेत. कथा-कादंबऱ्यांत लोक अधोरेखन करतात, ‘वा!’ लिहितात, त्याचा मला संताप यायचा. ६४१.५ मधल्या खुणांकडे मी काणाडोळा करायचे, कारण त्यांचा पुढच्या बाईला उपयोग होता. ‘यात पाणी जास्त सांगितलंय’ असं कोणी लिहून ठेवलं असेल तर ते खोडायचं कशाला?

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी पाटोळ्यांचं पुस्तक एका तरुण मुलीने नेलं. बँकेत नोकरीला लागलेली, लातूरकडची, आमच्या गावात बदलीवर आलेली. मुदतीत परत आणलं. देवघेवीच्या टेबलावरच्या मुलाने पानं तपासली आणि मला हाक मारली. चार-पाच कृतींपुढे बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: आमच्याकडे हे असं करत नाहीत, चिंच नाही, आंबाडी, आजी म्हणते आधी भाजून घ्यायचं. एके ठिकाणी कृतीच्या बाजूला तिने वाट्यांचं प्रमाण बसवून दिलं होतं. मुलगी म्हणाली, फोनवर आजीला वाचून दाखवत होते, ती बोलत गेली तसं लिहिलं, खोडून देऊ का? टेबलावरच्या मुलाने मला विचारलं, दंड लावायचा का. नियम होता, म्हणून लावला. तिने तो हसत भरला, पावती घेतली आणि विचारलं की यांचं दुसरं एखादं पुस्तक आहे का. तेव्हा नव्हतं. पुढच्या खरेदी यादीत त्याच पुस्तकाची आणखी एक प्रत लिहिली, कोरी, कारण पहिलीला आता दोन जणी थांबल्या होत्या आणि दोघींनाही लिहिलेलीच प्रत हवी होती.